निवल्यावरचं वजन

"गरम क्रूसिबल तोलायचं नाही हं, बाळा. आधी निवू दे. गरम असलं की ते खोटं बोलतं, असतं त्याहून हलकं दाखवतं."

काम शिकवणाऱ्या साळगावकरबाई निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. पण तुर्भ्याच्या त्या प्रयोगशाळेत ओव्हनचं दार उघडून गरम हवेचा झोत तोंडावर आला, की ईश्वरीला अजूनही त्यांचाच आवाज ऐकू यायचा. मग ती चिमट्यानं काचेची ती चिमुकली वाटी, म्हणजे क्रूसिबल, अलगद उचलायची आणि झाकणाच्या जाड काचपात्रात ठेवायची. पात्राच्या तळाशी निळे दाणे असायचे, हवेतला दमटपणा पिऊन घेणारे. झाकण लावलं की स्टुलावर बसून मनातल्या मनात जप. दोन माळा झाल्या की वाटी निवलेली असायची. तिला घड्याळ बघायची कधी गरज पडली नाही.

बाकीच्या मुली हसायच्या. काउंटरवरची मनस्वी तर म्हणायची, "ईश्वरी, तुझ्या रिपोर्टवर सहीबरोबर अंगारा पण लाव."

ईश्वरी नुसती हसायची. सत्तावीस वर्षांची, मृदू बोलण्याची मुलगी. खारघरच्या फ्लॅटमध्ये आईवडिलांबरोबर राहायची. पहाटे आंघोळ करून देवघरासमोर गोपद्मं काढायची, रांगोळीच्या चिमटीनं गाईची तेहतीस पावलं. चातुर्मासातला हा नेम यंदा पाचव्या वर्षाला लागला होता, कार्तिकात त्याचं उद्यापन. आणि दुसरा नेम मौनभोजनाचा. पानावर बसलं की उठेपर्यंत शब्द नाही.

या दुसऱ्या नेमानं यंदा काय घोटाळा करून ठेवला, त्याचीच ही गोष्ट.

*

श्रावणातली दुपार होती. बाहेर ऊन आणि सर यांची लपाछपी चाललेली. मनस्वी चहाला गेलेली, म्हणून सॅम्पलांची नोंद बघायला ईश्वरी खाली आली, आणि जिन्यातच थबकली. सगळ्या पॅसेजमध्ये एक वास भरला होता. आंबूस, गोडसर... कैरी चिरून मीठ लावून ठेवल्यासारखा.

काउंटरपलीकडे एक उंच, सावळा मुलगा उभा होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, केसांत पावसाचे थेंब. हातात घट्ट बांधलेली पिशवी, ती त्यानं अशी धरली होती, जशी कुणी लेकरू धरावं.

"कोनी हाय की नाय इथं?" तो आत डोकावत म्हणाला, आणि तिला बघून एकदम सावरला. "म्हणजे... कुणी आहे का, मॅडम?"

तिला हसू आलं. "आहे. काय आणलंय?"

"लोणचं."

"लोणचं असेल तर खाद्यपदार्थांचा विभाग वरच्या मजल्यावर..."

"गाईंचं लोणचं, मॅडम. मुरघास! हिरवा मका कणसासकट तोडायचा, बारीक कुट्टी करायची, पिशवीत दाबून दाबून भरायची. आत हवा राहिली की संपलं. दीड-दोन महिने मुरला की..." त्यानं गाठ सोडून पिशवी पुढे केली, "...असा सोन्यासारखा होतो. बघा ना."

ईश्वरीनं मुरघास शेकडो वेळा तपासला होता, पण वाळवून दळलेली करडी पूड म्हणून. एवढ्या कौतुकानं तो तिच्यासमोर कुणी कधी धरला नव्हता. तिनं चिमूटभर उचलला. पिवळसर, ओलसर, हाताला थंड लागला.

"बोटाला काय लागलंय?" त्यानं अचानक विचारलं. "ॲसिड?"

"रांगोळी," ती म्हणाली आणि हात मागे घेतला. का घेतला, तिचं तिलाच कळलं नाही.

तिनं नाव-पत्ता विचारला. मिथुन भोईर. पेंधर. "मेट्रोचं शेवटचं स्टेशन. पेंढा आमच्या गावाच्या नावातच हाय म्हणा, पण आता गावात पेंढा उरला नाय. शेतं टॉवरखाली गेली. सात गायी तेवढ्या राहिल्यात. त्यांना घालू काय? मग मामाच्या शेतात मका लावला नि हे शिकलो, मोबाईलवर बघून. पण आमचे बाबा म्हणतात, हा सडका चारा हाय. नासलेलं अन्न गाईच्या पोटात घालतोस, पाप लागेल."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग?" तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "बाबांचं म्हणणं, मोठ्या लॅबमधून लिहून आण. नायतर गणपती झाले की गायी मुरबाडला, आत्याकडे. गोठा बंद. तुमच्या एका कागदावर सात गायी उभ्या हायत मॅडम. त्या खाली बसू नयेत, एवढं बघा."

"कागदाचं मी बघत नाही," ईश्वरी हळूच म्हणाली. "मी चारा बघते. तो जे सांगेल ते कागदावर येतं."

त्यानं मान तिरकी करून तिच्याकडे पाहिलं. असं, जसं कुणी नव्यानं वाचायला घेतलेली पाटी वाचतं.

"चालंल," तो म्हणाला. "चाऱ्यावर माझा भरोसा हाय."

*

चार दिवसांनी तो पुन्हा आला. दुधाच्या फेरीवरून परतताना "सहज".

"सहज तुर्भ्याला कुणी येत नाही," मनस्वी ईश्वरीच्या कानाशी कुजबुजली. "इथं ट्रक येतात नाहीतर नशिबानं गांजलेले. हा दोन्ही दिसत नाही."

साहेबांनी काचेपलीकडून बघायची परवानगी दिली. ईश्वरी त्याचंच सॅम्पल गाळत होती. अर्ध्या उघड्या दाराशी उभं राहून तो विचारू लागला, हे काय, ते काय... आणि ती, जी दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसे, ती सांगत गेली.

"गवताच्या प्रत्येक पेशीला भिंत असते. ती पेशी म्हणजे एक घर समजा. आतलं सामान, साखर, प्रथिनं, पिठूळ भाग, हे गाईला पटकन पचतं. ते आधी बाहेर काढायचं. म्हणून या साबणासारख्या पाण्यात तासभर उकळायचं. सामान धुऊन गेलं की उरतात नुसत्या भिंती. आपण चोथा म्हणतो ना, तो."

"मग?"

"मग तसंच दुसरं पाणी, पण आम्लाचं. त्यात भिंतीचा गिलावा विरघळतो. आधीच्या वजनातून आताचं वजा केलं की गिलावा किती होता ते कळतं. मग जहाल आम्ल. त्यात विटा जातात."

"आनि उरतं काय?"

"लिग्निन. भिंतीतलं लोखंड म्हणा. ते गाईला पचत नाही. ते जितकं कमी, तितका चारा चांगला."

त्यानं दारातूनच मान पुढे काढून वाटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे तुमी पण घरंच पाडता! आमच्या गावात तेच चाललंय."

"तिकडे पाडून उंच बांधतात. मी पाडून नुसतं मोजते."

"मोजून ठेवलं तरी खूप झालं, मॅडम. आमच्याकडे कुणी मोजलं पन नाय, आत काय काय होतं."

ईश्वरीचा हात क्षणभर थांबला. मग ती पुन्हा कामाला लागली. गरम पाण्याची बारीक धार वाटीच्या कडेनं गोल गोल सोडत, फेस पुरता जाईपर्यंत. घाई नाही, थेंब बाहेर नाही.

तो बघत होता. वाटीकडे नव्हे, तिच्या हाताकडे.

"एक बोलू? तुमी हे असं करता... जसं कुणी पिंडीवर पाणी घालतंय."

ती दचकली. इतकी वर्षं ती धार सोडताना मनात नेमकं तेच असायचं, पण तिनं कधी कुणाला, अगदी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिचे कान तापले. बरं झालं, वाफेचं निमित्त होतं.

"बोटाची रांगोळी कसली, ते सांगा आता," तो म्हणाला.

"गोपद्मं. गाईची पावलं. चार महिने रोज काढते."

"रोज गाईची पावलं काढता, रोज गाईचा चारा तोलता." त्याच्या डोळ्यांत खोडी चमकली. "गाय बघितलीय का कधी? जवळून?"

ईश्वरीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "बसच्या खिडकीतून... बऱ्याचदा."

तो इतक्या मोठ्यानं हसला, की साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढली.

*

पण त्या दिवशीचं गाळणं नीट उतरलंच नव्हतं. मुरघासात कणसाचे दाणे होते. उकळल्यावर त्यांच्या पिठाची खळ झाली आणि वाटीच्या तळाची गाळणी तुंबली. खळ चोथ्यात अडकून बसली आणि वजन भलतंच वाढलं. ईश्वरीनं आकडा पुन्हा एकदा वाचला. हा आकडा कागदावर गेला तर सात गायी मुरबाडला.

पण आकडा खरा वाटत नव्हता. त्या सोनेरी चिमटीचा थंड स्पर्श तिच्या बोटांना आठवत होता. तिनं साहेबांना सांगितलं, "सर, दाण्याचं पीठ आड येतंय. पीठ पचवणारं एन्झाइम घालून पुन्हा करते."

"कर. पण ग्राहकाला इतक्यात काही बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती मागच्या आवारात, बदामाच्या झाडाखालच्या बाकावर डबा उघडून बसली होती. मनाशी घोळत होता तोच आकडा, त्यामुळे कपाळावर आठी. पहिला घास तोंडात गेला आणि समोर मिथुन उभा.

"मॅडम! बरं झालं भेटलात. राहवत नाय हो. सांगा ना, कसा निघाला?"

ती बोलू शकत नव्हती. घास होता म्हणून नव्हे, नेम होता म्हणून. तिनं डोळ्यांनीच थांबायला सांगितलं. त्याला कळलं नाही. मग तिनं उजवा हात वर केला. तो उष्टा, म्हणून डावा केला, आणि तळवा जमिनीकडे करून हळूच, दोनदा खाली आणला. साळगावकरबाई करायच्या अगदी तसा. निवू दे... जरा धीर धरा... अजून निवायचंय.

मिथुननं तो हात पाहिला. तिची आठी पाहिली. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं ऊन एकदम गेलं.

"कळलं," तो म्हणाला. "थँक्यू, मॅडम."

आणि गेला.

ईश्वरी बघत राहिली. बदामाचं एक लाल पान डब्याच्या झाकणावर येऊन पडलं. किती समजूतदार, तिच्या मनात आलं, एक शब्द न बोलता याला कळतं! त्या दिवशी तिला साधी वाटली डाळसुद्धा गोड लागली.

*

एन्झाइम घालून केलेलं गाळणं झुळझुळ उतरलं. एकदा केलं, खात्रीसाठी पुन्हा केलं. ओव्हन, काचपात्र, दोन माळा, मग तराजू. चोथा बेताचा. आणि लिग्निन... तिनं आकडा वाचला आणि हात जोडले. पचायला इतका चांगला चारा या मोसमात तिच्याकडे आला नव्हता.

मध्ये गणपती येऊन गेले. विसर्जनानंतरच्या शुक्रवारी साहेबांची सही झाली. ग्राहकाला कळवायचं काम मनस्वीचं, पण ईश्वरी म्हणाली, "मी करते फोन." मनस्वीनं भुवया उंचावल्या आणि फोन तिच्याकडे सरकवला.

"मिथुनजी, रिपोर्ट तयार आहे."

पलीकडून थंड आवाज आला. "आता काय करायचाय मॅडम रिपोर्ट? तुमी तेव्हाच सांगितलंत ना."

"मी? मी कधी सांगितलं?"

"झाडाखाली. हात खाली केलात ना, असा... दोनदा. चारा बसला म्हणून, नापास. बाबांना मी त्याच दिवशी बोललो, तुमी जिंकलात. आज चारला टेम्पो येतोय मुरबाडहून."

"अहो, ते... ते 'निवू दे' होतं! थांबा असं! तपासणी पुरी व्हायची होती!"

"मग तोंडानं बोलायचं ना!"

"जेवत होते मी!"

"दोन मिनिटं घास थांबवून..."

"चातुर्मासात जेवताना बोलत नाही मी!"

फोनवर दूर कुठंतरी एक गाय हंबरली.

"म्हणजे," तो हळूहळू म्हणाला, "माझ्या सात गायी तुमच्या मौनापायी चालल्या?"

"चारा पास आहे," ती म्हणाली. "नुसता पास नाही, उत्तम आहे. टेम्पो थांबवा. मी येते."

तिनं नोकरीत आजवर अर्ध्या दिवसाची रजा कधी घेतली नव्हती. त्या दिवशी अर्ज लिहायलाही ती थांबली नाही. मनस्वी मागून ओरडली, "मी लिहिते ग! कारण काय लिहू? गाय?"

*

रिक्षानं बेलापूर आणि तिथून मेट्रो. स्टेशनं एकेक करून मागे पडत होती. सेंट्रल पार्क, पेठपाडा... ईश्वरी रिपोर्टचं पाकीट छातीशी धरून उभी होती. बसायला जागा होती तरी उभीच.

पेंधरला उतरून विचारत विचारत ती गेली. टॉवरच्या सावलीत कौलारू गोठा. दाराशी टेम्पो मागे मागे येत होता, त्याचं ते किरकिर संगीत वाजत होतं. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, मिथुनचे बाबा हिरामणकाका, तांबड्या गाईचं दावं हातात घेऊन उभे. मिथुन त्यांना काहीतरी सांगत होता, ते मान हलवत होते.

"काका..." ती म्हणाली. टेम्पोच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? सबंध जन्मात जिनं आवाज चढवला नाही, तिनं पाकीट वर धरलं आणि ओरडली, "काका, थांबा! गाय सोडू नका!"

टेम्पो थांबला, संगीत थांबलं. तांबड्या गाईनंसुद्धा मान वळवली.

"कोन गो तू?" हिरामणकाकांनी विचारलं.

"मी... मी तुमचा चारा तपासला." धापेनं तिला धड बोलवेना. "तो सडलेला नाही काका. मुरलेला आहे. खूप चांगला मुरलाय."

"वास मारतो त्याचा."

"लोणच्यालाही येतोच की वास. आपण टाकून देतो का?"

काकांच्या मिशा किंचित हलल्या. त्यांनी पाकीट घेतलं, कागद उलटा-सुलटा पाहिला आणि परत तिच्या हातात दिला. "कागदातला मला कलत नाय. तू सांग. देवाला धरून सांग. माझ्या गाईच्या पोटाला बाधंल का?"

ईश्वरीनं डोळे मिटून घेतले, क्षणभरच. "नाही बाधणार. देवाला धरूनच तोललंय, काका. माझी स्वतःची गाय असती तर तिलाही हाच घातला असता."

हिरामणकाकांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी दावं पुन्हा खुंटीला अडकवलं.

"मंग ह्यो गाढव नापास बोलला कसा?"

"चूक माझी आहे. मी हात असा केला आणि..."

"नाय बाबा, चूक माझी. मी विचारलंच नाय परत."

"नाही हो, मी बोलायला हवं होतं."

"अहो, तुमचा नेम होता!"

"म्हणून काय झालं, लिहून तरी..."

हिरामणकाकांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "तुमचा काय तो ठरवा निवांत," ते म्हणाले. "मी टेम्पोवाल्याला चाय पाजतो. लांबून आलाय बिचारा."

दोघंच उरली. आणि सात गायी.

तांबू, म्हणजे ती तांबडी, पुढे आली आणि तिनं ईश्वरीच्या हाताचा वास घेतला. ओला, उबदार श्वास मनगटावरून गेला. ईश्वरीनं हात मागे घेतला नाही. घाबरत घाबरत तिनं गाईच्या कपाळावर बोटं ठेवली. खाली ओल्या मातीत खुरांचे ठसे उमटले होते. पाच वर्षं जे ती चिमटीनं काढत आली होती, ते इथं असे पसरलेले, कुणी न काढलेले, खोल आणि जिवंत...

तिचे डोळे भरून आले. "मी नेहमी जरा लहानच काढत आले," ती म्हणाली.

"मग इथं काढा ना." मिथुनचा आवाज वेगळाच आला. "ईश्वरी मॅडम... इथं येऊन काढा. आजच नाय, म्हणजे... रोज. कायमचं. मी तुमाला..."

तिनं वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते, पण नजर हटली नव्हती. तिच्या छातीत काहीतरी ओव्हनच्या दारासारखं उघडलं. आणि त्याच झोताबरोबर आला तो ओळखीचा आवाज.

तिनं डावा हात उचलला. तळवा जमिनीकडे. हळूच, दोनदा खाली.

त्याचा चेहरा पडू लागला, तोच ती घाईनं म्हणाली, "नाही! ते नव्हे. 'बसला' नव्हे. निवू दे, असं."

"निवू दे?"

"आमच्याकडे गरम असताना काही तोलत नाहीत, मिथुनजी. गरम वाटी खोटं सांगते. आज आपण दोघंही..." ती अडखळली, "...तुम्ही गायी वाचल्या म्हणून आणि मी धावत आले म्हणून. कार्तिकातल्या द्वादशीला माझ्या नेमाचं उद्यापन आहे. शेवटची गोपद्मं मी इथं काढीन, तांबूसमोर. तेव्हा सांगेन. शब्द देते."

"आनि तोवर निवून... कमी झालं तर?"

ईश्वरी हसली. पहिल्यांदाच, मोकळं. "ते त्या दिवशीच कळेल."

"मग माझा पण नेम," तो म्हणाला. "द्वादशीपर्यंत विचारणार नाय. एकदा पन नाय."

*

आणि त्यानं तो पाळला. दुधाच्या फेरीवरून परतताना कधी तो बदामाच्या झाडाखाली येऊन बसायचा, बाकाच्या दुसऱ्या टोकाला. आपला डबा उघडायचा. तिला नमस्कार करायचा आणि मग तोही एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या दिवशी तिला वाटलं थट्टा करतोय. पण नाही. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं तो असं मन लावून खायचा, जणू खरंच पानावर बसलाय.

चटणीचं झाकण मध्ये ठेवलेलं असायचं. कधी त्याचा हात, कधी तिचा. एकदा दोन्ही एकदम गेले... आणि दोन्ही एकदम थांबले. वर बदामाची पानं हलत होती. तिनं मान खाली घालून, कुणाला दिसेल न दिसेल असा, तळवा किंचित खाली केला. त्यानं हसून मान डोलावली आणि चटणी तिच्याकडे सरकवली.

बोलण्याशिवाय माणूस किती कळतो! तो पहिला घास काढून कावळ्यासाठी ठेवायचा, ते तिला कळलं. कुणी गाईंबद्दल विचारलं की त्याची मान उंच व्हायची, ते कळलं. मुरबाडची आठवण काढायची नाही, ते कळलं. साहेबांनी चहाच्या वेळी सहज सांगितलं, पेंधरच्या त्या म्हाताऱ्यांनी स्वतः दोन गोठेवाल्यांना लॅबचा पत्ता दिलाय. त्या दिवशी झाडाखाली मिथुन नुसता हसत जेवला, आणि का, ते तिला विचारावं लागलं नाही.

मनस्वी खिडकीतून बघायची आणि कपाळाला हात लावायची. "अगं, दोन महिने झाले! बोलत का नाही तुम्ही?"

"बोलतो की," ईश्वरी म्हणायची.

घरी आईला, मीनाताईंना, सांगायला मात्र तिला शब्द लागले. नवरात्रातल्या एका संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिनं सगळं सांगितलं. गोठा, लोणचं, हात. मीनाताईंनी वात सारखी केली.

"कोळशासारखं धगधगतं काही असेल, तर मी नाही म्हणेन," मग त्या म्हणाल्या. "तुझं तसं आहे का?"

"तेच बघतेय आई. थांबलेय."

*

कार्तिकातली द्वादशी उजाडली. खारघरच्या टेकडीवर धुकं होतं. ईश्वरीनं आंघोळ केली, नऊवारी नव्हे पण आईची हिरवी सुती साडी नेसली. देवघरासमोरची फरशी आज तिनं नुसती पुसली. रांगोळीचा डबा उघडला नाही.

मीनाताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. "शेवटच्या दिवसाची गोपद्मं देवासमोर नाही काढायची?"

"गाईसमोर काढीन म्हणून शब्द दिलाय."

"कुणाला? गाईला?"

"तिलाही," ईश्वरी म्हणाली, आणि लाजली.

मीनाताईंनी वाणाच्या अनारशांचा डबा पुढे केला. वर फडकं बांधलेलं, गाठ नीट दिलेली. "तुझ्या बाबांशी रात्री बोलले मी. म्हणाले, मुलगा गायी सांभाळतो म्हणजे माणसं सांभाळील. आधी बघायचं म्हणतात, बघू देत." मग आवाज बारीक करून, "आणि तुझं? निवलं का?"

ईश्वरी देवघरासमोर क्षणभर थांबली. डोळे मिटले. बदामाची पानं, चटणीचं झाकण, मनगटावरचा तो ओला श्वास आणि दोन महिने एकदाही न विचारलेला तो प्रश्न... सगळं तिनं शांतपणे पारड्यात ठेवलं. हात थरथरत नव्हता. ऊन नव्हतं, झोत नव्हता.

साळगावकरबाई खरं तेच बोलल्या होत्या. गरम असताना ते किती हलकं वाटलं होतं!

"निवलं, आई," ती म्हणाली. "आता जड लागतंय."

मीनाताईंनी तिच्या कपाळावरचं कुंकू बोटानं सारखं केलं, बस्स. ईश्वरीनं एका हातात अनारशांचा डबा घेतला, दुसऱ्या हातात रांगोळीचा. दार हळूच ओढून घेतलं. खाली सोसायटीचा वॉचमन अजून पेंगत होता. धुक्यातून मेट्रोचं स्टेशन दिसत होतं, आणि रुळांच्या त्या टोकाला, जिथून पुढे गाडी जात नाही, तिथे सात गायींचा गोठा होता. ती सावकाश, डबे सांभाळत, तिकडे चालू लागली.